आधी आंबोली, मग इटली

घरातील ज्येष्ठांना एकदा परदेश दाखवून आणावा, ही इच्छा आता केवळ मुंबई-पुण्याच्या कुटुंबांपुरती राहिलेली नाही. इन्सुली, बांदा, सावंतवाडी या पट्ट्यातील कितीतरी घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त दूर आहेत. मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि विमानप्रवास या गावांच्या उंबरठ्याशी आला. मग एखाद्या संध्याकाळी मुलाचा निरोप येतो, "आई-बाबा, पुढच्या वर्षी इटलीला जाऊ. चार दिवस टस्कनीच्या खेड्यांतून गाडीने फिरू आणि शेवटचे चार दिवस रोममध्ये राहू." निरोपासोबत तक्ताही असतो. त्यात तारखा असतात, हॉटेले असतात, गाडीचे भाडे असते, कोणत्या दिवशी काय पाहायचे तेही असते.

त्या तक्त्यात एकच रकाना नसतो. गाडीच्या मागच्या आसनावर बसणाऱ्या बहात्तर वर्षांच्या आईचे गुडघे किती वेळ वाकलेले राहू शकतात, बाबांना किती वेळाने लघवीला जावे लागते, अनोळखी खोलीत त्यांना झोप लागते की नाही, दुपारचे जेवण दोन तास लांबले तर त्यांची साखर कोठे जाते, याची नोंद कोणी केलेली नसते. मुलांनी मुद्दाम दुर्लक्ष केलेले नसते. त्यांना ते ठाऊकच नसते, कारण ज्येष्ठ मंडळी ते सांगत नाहीत. पोराने एवढ्या हौसेने आखले आहे, त्याचा हिरमोड कशाला करायचा, असा विचार करून ती "हो" म्हणतात आणि दुखणे मनातच ठेवतात. प्रवासातील अनेक अपघात आणि आजारपणे या न बोललेल्या गोष्टींतून उद्भवतात.

म्हणून या अंकात एक साधी सूचना मांडायची आहे. व्हिसाचा अर्ज भरण्यापूर्वी आणि तिकिटाचे पैसे गुंतवण्यापूर्वी त्या प्रवासाची एक छोटी रंगीत तालीम आपल्याच भागात करावी. दोन दिवस गाडीने गावोगाव हिंडावे आणि दोन रात्री शहरात मुक्काम करावा. इन्सुलीच्या कुटुंबासाठी तर अशी तालीम जणू तयारच ठेवलेली आहे. एका बाजूस आंबोलीचा घाट आणि वेंगुर्ल्याची किनारपट्टी, दुसऱ्या बाजूस दीड तासावर पणजी. आपण इन्सुलीचे नसाल तर आपल्या जवळचा एखादा घाट आणि एखादे जुने शहर निवडावे. पद्धत तीच राहील.

दोन प्रकारचे थकणे

अशा सहलीत शरीर दोन निरनिराळ्या रीतींनी थकते. गाडीच्या प्रवासात थकवा बसून राहण्याचा असतो. पाय लोंबकळलेले, कंबर आखडलेली, वळणावळणाने पोट ढवळलेले, आणि शौचालय कोठे मिळेल याची मनात धाकधूक. शहरातला थकवा उभे राहण्याचा आणि चालण्याचा असतो. दगडी फरसबंदी, पायऱ्या, रांगा, गर्दी आणि गोंगाट. एखाद्या आजोबांना पाच तास गाडीत बसणे मुळीच जड जात नाही, परंतु दोनशे पावले चढताच त्यांना धाप लागते. एखाद्या आजी बाजारात दोन तास आरामात हिंडतात, पण तासभर गाडीत बसल्यावर त्यांचे पाय सुजतात. दोघांना एकच आराखडा लावता येत नाही. कोणाला काय झेपते हे अंदाजाने ठरवू नये, मोजून ठरवावे.

तालमीपूर्वी घरात एक चाचणी करावी. पाठ टेकता येईल अशी खुर्ची घ्यावी आणि तिच्यापासून तीन मीटरवर जमिनीवर खूण करावी. ज्येष्ठ व्यक्तीने खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जावे, वळून परत यावे आणि बसावे. घड्याळात वेळ पाहावी. शेजारी आधाराला कोणीतरी उभे असावे. रोजची काठी वापरत असल्यास ती हातात असू द्यावी. या सगळ्याला बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून डॉक्टरांशी व फिजिओथेरपिस्टशी बोलावे. प्रवास रद्द करण्याचे हे कारण नव्हे. खुर्चीतून हातांच्या आधाराविना उठ-बस करणे, कठडा धरून टाचा उचलणे, रोज ठरावीक अंतर चालणे हे व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दोन-तीन महिने नियमित केले, तर बऱ्याच जणांच्या पायांत फरक पडतो. प्रवास सहा महिन्यांवर असताना हे कळले तर उपाय करता येतो. रोमच्या रस्त्यावर कळले तर मात्र फार उशीर झालेला असतो.

दोन वह्या

तालमीसाठी सामान म्हणून फक्त दोन छोट्या वह्या लागतात. एक ज्येष्ठ व्यक्तीने स्वतः लिहावी, दुसरी सोबत जाणाऱ्या मुलाने, सुनेने किंवा मुलीने लिहावी. दोघांनी आपापले लिहायचे आणि परत येईपर्यंत एकमेकांचे वाचायचे नाही. लिहायचे ते थोडेच: गाडीत किती वेळ बसल्यावर पाय मोकळे करावेसे वाटले, लघवीला किती वेळाने जावे लागले, किती पायऱ्या चढल्यावर थांबावे लागले, औषध व जेवण कोणत्या वेळी झाले, झोप कशी लागली, आणि मन कशात रमले. शेवटची नोंद विसरू नये. प्रवास आनंदासाठी आहे, परीक्षेसाठी नव्हे.

दोन वह्यांचे कारण परतल्यावर आपोआप कळते. सुनेच्या वहीत "आई दिवसभर छान होत्या" असे असते आणि आईंच्या वहीत "सकाळपासून पाणी प्यायले नाही, वाटेत कोठे जायचे म्हणून" असे असते. या दोन ओळींमधील अंतर ओळखणे, हेच या चार दिवसांचे खरे काम आहे.

पहिले दोन दिवस: घाट आणि किनारा

पहिल्या दिवशी इन्सुलीहून सावंतवाडी, दाणोलीमार्गे आंबोली. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिकडे जाणारा घाट नागमोडी वळणांचा आहे. पावसाळ्यात तेथे दाट धुके असते, म्हणून तालीम ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावी. टस्कनीचे ग्रामीण रस्तेही असेच टेकड्यांवरून वळत जातात. तेथे पुस्तकातील चित्रासारखे दिसणारे गाव प्रत्यक्षात टेकडीच्या माथ्यावर असते आणि तेथवर पोहोचेपर्यंत वळणे संपत नाहीत. ज्यांना आंबोलीच्या घाटात मळमळते, त्यांना तेथेही मळमळणार. अशांनी पुढच्या आसनावर बसावे, नजर दूरवर ठेवावी, निघताना पोट अगदी रिकामे किंवा अगदी भरलेले नसावे. मळमळीवरील काही गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो, लघवी अडकते. म्हणून त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ले, शिरोडे, रेडी असा किनाऱ्याचा फेरा करावा. हा रस्ता सोपा, पण दिवस मोठा. सतत किती वेळ बसता येते हे येथे नेमके कळते. तासा-दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिल्यास पायांच्या खोल रक्तवाहिन्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, मग वाहन विमान असो, आगगाडी असो वा मोटार. वय, स्थूलता, अलीकडची शस्त्रक्रिया, कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी ही कारणे असतील तर धोका आणखी वाढतो. बसल्या जागी पावले वर-खाली करून पोटऱ्या हलवत राहाव्यात. दाब देणारे मोजे वापरायचे असतील तर पायाचे माप घेऊन आणि पायांतील रक्तप्रवाह कसा आहे हे डॉक्टरांकडून पाहून घेऊनच वापरावेत. प्रवासात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता पाण्याविषयी. प्रवासात शौचालय मिळणार नाही या भीतीने पाणीच न पिण्याची सवय आपल्याकडील असंख्य स्त्रियांना आहे, आणि पुरःस्थ ग्रंथी वाढलेले पुरुषही आता तेच करू लागले आहेत. काही जण रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची लघवी वाढवणारी गोळीही त्या दिवशी गुपचूप टाळतात. पाणी कमी पडले की चक्कर येते, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, मन गोंधळते. आणि चक्कर आली की पडणे ओघाने येते. गोळी टाळू नये. ती घेण्याची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येईल का, एवढेच डॉक्टरांना विचारावे. मुलांनी मात्र आईला "कधी थांबायचे ते सांग" असे म्हणू नये. ती सांगणार नाही. "दर तासाला आपण सगळेच थांबणार" असे आधीच ठरवावे. मग ती सोय कोणा एकट्यासाठी केलेली राहत नाही, आणि संकोचही उरत नाही.

इटलीत या बाबतीत एक गोष्ट दिलासा देणारी आहे. तेथील महामार्गांवर ठरावीक अंतरांवर विश्रांतीस्थळे असतात आणि तेथे प्रसाधनगृहे असतात. तेथील घरांत शौचकुंडाशेजारी धुण्यासाठी वेगळे पात्र असते. १९७५ च्या सरकारी नियमानेच ते घरोघरी बसवणे आवश्यक केले. पाश्चात्त्य देशांत पाण्याविना गैरसोय होईल, या ज्येष्ठांच्या काळजीला इटलीत निदान राहत्या घरी तरी उत्तर आहे.

पुढच्या दोन रात्री: पणजी

तिसऱ्या दिवशी पणजीला जावे आणि दोन रात्री तेथेच राहावे. फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्या, त्यांतील चढ-उतार, मधल्या चर्चसमोरील नागमोडी पायऱ्या आणि मांडवीच्या काठचा सपाट रस्ता, असे सगळे प्रकार येथे थोड्या अंतरात मिळतात. सकाळी गल्ल्यांतून अर्धा तास चालावे, पायऱ्या झेपतील तेवढ्याच चढाव्यात आणि दुपारी खोलीवर येऊन पडावे. दुपारी विश्रांती घेतल्यावर संध्याकाळी पुन्हा बाहेर पडण्याची इच्छा होते का, हे वहीत लिहावे. होत असेल तर रोममध्ये दिवसाचे दोन भाग करता येतील. होत नसेल तर दिवसाला एकच ठिकाण.

शहरातील मुक्कामात रात्रीकडे विशेष लक्ष द्यावे. स्मरणशक्ती थोडी मंदावलेली व्यक्ती ओळखीच्या घरात सवयीच्या बळावर सहज वावरते. दार कोठे, दिव्याचे बटण कोठे, न्हाणीघर कोणत्या हाताला, हे तिच्या पावलांनाच ठाऊक असते. अनोळखी खोलीत मध्यरात्री जाग आली की तीच व्यक्ती गोंधळते, भिंत चाचपडते, कधी "घरी चला" असा हट्ट धरते. संध्याकाळनंतर हा गोंधळ वाढताना दिसतो. पणजीत असे घडले तर तो विमानप्रवासाविषयीचा इशारा आहेच, शिवाय स्मृतीची तपासणी करून घेण्याचीही सूचना आहे. पणजीहून आपण तासा-दोन तासांत घरी परतू शकतो. काही बिनसलेच तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, जे सिंधुदुर्गातील रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येते. परक्या देशात मध्यरात्री यांतले काहीच हाताशी नसते. सर्वच ज्येष्ठांसाठी सोबत एक छोटा रात्रदिवा न्यावा आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट झोपण्यापूर्वी एकदा चालून पाहावी.

रोममधील जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडांचे लहान चौकोनी तुकडे बसवलेले असतात. ते दिसतात सुंदर, पण असमान असतात आणि पावसात निसरडे होतात. काठीचे टोक त्यांच्या फटीत अडकते. रबरी तळाची, घोट्याला आधार देणारी, महिनाभर वापरून पायाला सरावलेली पादत्राणे न्यावीत. नवे बूट घेऊन निघू नये. हॉटेल ठरवताना उद्वाहक आहे का, तो थेट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होतो का, आणि न्हाणीघरात उंच काठाचे टब आहे की सपाट जमिनीवर अंघोळीची सोय आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. जुन्या इमारतींत उद्वाहकापर्यंत पोहोचण्यासाठीच सात-आठ पायऱ्या चढाव्या लागतात, हे छायाचित्रांत दिसत नाही.

इटलीचा आराखडा: वहीतून तक्त्याकडे

तालमीच्या नोंदी हाती आल्या की मूळ तक्ता पुन्हा उघडावा. त्यात साधारणपणे पुढील बदल करावे लागतात.

उतरल्या दिवशी गाडी चालवू नये. मोप्याहून निघून मुंबई किंवा दिल्लीमार्गे इटलीला पोहोचेपर्यंत घरातून निघाल्याला बहुधा अख्खा दिवस उलटलेला असतो. चालवणाऱ्याची झोप झालेली नसते आणि तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पहिली रात्र, शक्य तर दोन रात्री, विमानतळापासून सोयीच्या ठिकाणी विश्रांती घ्यावी. त्यानंतर ग्रामीण भाग आणि शेवटी शहर, असा क्रम ज्येष्ठांना मानवतो. गाडी शहरात शिरण्यापूर्वीच परत करावी. रोम, फ्लोरेन्स, सिएना अशा शहरांच्या जुन्या भागांत परवान्याविना वाहनांना मज्जाव असतो. प्रवेशाच्या जागी कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

ग्रामीण भागात रोज नवे हॉटेल नको. एकाच शेतघरात चार रात्री राहावे आणि तेथून रोज एका दिशेला जाऊन परत यावे. अशा शेतघरांच्या मुक्कामाला इटलीत १९८५ पासून स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि आपल्याकडेही घरगुती निवासाची पद्धत रुजली, त्यामुळे ही कल्पना आपणांस नवी नाही. एका जागी राहिल्याने रोजची बांधाबांध वाचते, न्हाणीघराची वाट पायांना सवयीची होते, आणि ज्यांना एखाद्या दिवशी जायचे नसेल त्यांना अंगणात बसून दिवस घालवता येतो. डोंगरमाथ्यावरील गावे निवडताना वर जाण्याची यांत्रिक सोय असलेली निवडावीत. सिएनात काही वाहनतळांपासून वर नेणारे सरकते जिने आहेत. ओर्विएतोला रेल्वे स्थानकापासून वर गावापर्यंत तारेने ओढली जाणारी गाडी आहे. बाकीच्या अनेक गावांत वाहन वेशीबाहेर, खालीच ठेवून चढ पायी चढावा लागतो.

चालवणाऱ्याकडे भारतीय परवान्यासोबत आपल्या परिवहन कार्यालयाकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असावा. तो एक वर्ष चालतो. गिअर आपोआप बदलणारी गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो गाडी चालवतो त्याच्यावरच आई-बाबांच्या देखभालीचा भार टाकू नये. अनोळखी रस्त्यावर मागे वळून औषधाची आठवण करणारा मुलगा दोन्ही कामे अर्धवट करतो. एकाने रस्ता सांभाळावा, दुसऱ्याने माणसे. सोबत दुसरे कोणी नसेल तर गाडीचा बेतच सोडून आगगाडीने एखाद्या लहान शहरी जावे. सांभाळणाऱ्याचीही विश्रांती तक्त्यात लिहिलेली असावी. सुटी म्हणून गेलेली सून दहा दिवस परिचारिका होऊन परतली, असे होऊ नये.

जेवणाचे घड्याळ आणि औषधाचे घड्याळ

मधुमेहींनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. इटलीतील बऱ्याच उपाहारगृहांत दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच या वेळातच मिळते. मग स्वयंपाकघर बंद होते आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पुन्हा उघडते. लहान गावांत हा नियम अधिक काटेकोर असतो. आपल्याकडे संध्याकाळी सातला जेवून नऊला झोपणाऱ्या आजोबांनी सवयीने साडेसहाला इन्सुलिन घेतले आणि ताट नऊला समोर आले, तर मधल्या वेळात साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. जेवण समोर येण्याची खात्री झाल्याशिवाय जेवणापूर्वीचे इन्सुलिन घेऊ नये. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर कायम असावी. पणजीत एक दिवस मुद्दाम रात्रीचे जेवण नऊला घ्यावे, पण औषधाच्या वेळा त्या दिवसापुरत्या कशा बदलायच्या हे डॉक्टरांना आधी विचारून आणि साखर तपासत राहूनच.

भारत आणि इटली यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचे आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. जाताना दिवस तेवढा लांबतो, येताना आखडतो. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, फिट्सची औषधे आणि पार्किन्सनची औषधे घेणाऱ्यांनी या दोन दिवसांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

औषधे पुरतील त्याहून एक आठवड्याची अधिक न्यावीत, मूळ वेष्टनांत, आणि हातातील पिशवीत. इन्सुलिन सामानकक्षात टाकू नये. तेथे ते गोठण्याची शक्यता असते. औषधांची मूळ नावे, मात्रा आणि आजारांची यादी असलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत असावे. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या असतील तर चिठ्ठी हवीच. तूप, पेढे, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेण्यास मनाई आहे. पेजेची सवय असलेल्यांना तेथील मऊ भाताचा रिसोत्तो मानवतो, मात्र तो कित्येकदा मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो. शाकाहारी मंडळींनी आणि वार पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. पिण्याच्या पाण्याची चिंता नसावी. रोममध्ये रस्तोरस्ती सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी पिण्यायोग्य असते. जुलै-ऑगस्टची तीव्र उष्णता ज्येष्ठांनी टाळावी. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ बरा.

कागदपत्रे

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. प्रत्यक्षात दोन-तीन महिने हाती ठेवावेत. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः जावे लागते, म्हणून त्या फेरीचाही थकवा हिशेबात धरावा. किमान तीस हजार युरो संरक्षणाचा प्रवास वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. परंतु व्हिसापुरता विमा आणि उपयोगी पडणारा विमा यांत फरक असतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे आधीपासूनचे आजार अर्जात लपवू नयेत आणि त्यांमुळे उद्भवलेल्या आजारपणाचा खर्च मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. विमानतळावरील चाकाच्या खुर्चीची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवावी. ती घेण्यात कमीपणा नाही. चालता येत असले तरी लांबलचक विमानतळ आणि रांगा यांत शक्ती संपवू नये. युरोपात तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. तो ज्येष्ठांच्या खिशातील चिठ्ठीवर हॉटेलच्या पत्त्यासह लिहून ठेवावा.

वही काय सांगते

चार दिवसांनंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून घरातल्या सर्वांनी वाचाव्यात. तीनपैकी एक उत्तर मिळेल. पहिले, थोडेफार फेरफार करून जाता येईल. दुसरे, अर्धाच बेत झेपेल: केवळ शहर, किंवा केवळ शेतघर. तिसरे, या वर्षी नको, किंवा नकोच.

तिसरे उत्तर मिळाले तर घरात हळहळ वाटेल. ती वाटू द्यावी, परंतु कोणावर ठपका ठेवू नये. "एवढे पैसे खर्च करायला तयार आहोत तरी" हे वाक्य मुलांनी उच्चारू नये, आणि "माझ्यामुळे तुमचे राहिले" हे आई-वडिलांनी म्हणू नये. जे शरीराला झेपत नाही ते वेळीच सांगणे हा समजूतदारपणा आहे. मुलांनी त्यांचा प्रवास जरूर करावा आणि त्या काळात घरी ज्येष्ठांसोबत कोण राहील याची सोय लावून जावे.

अशा घरांसाठी तालमीच्या शेवटच्या सकाळी, पणजीहून परतण्यापूर्वी जुने गोवे पाहावे, असे सुचवतो. तेथील बाँ जेझूच्या बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची रुपेरी पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ठेवलेली आहे, तो चौथरा फ्लोरेन्सचा आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो, मेदिची घराण्यातील, याने तो भेट म्हणून करवून घेतला. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने त्यावर सुमारे दहा वर्षे काम केले. सुटे भाग समुद्रमार्गे गोव्यात आले आणि १६९८ मध्ये येथे जोडले गेले. वर ठेवलेली चांदीची पेटी मात्र गोव्यातल्याच कारागिरांच्या हातची आहे. म्हणजे ज्या टस्कनीसाठी आपण दहा तासांचे विमान धरणार होतो, तिच्या उत्तम कारागिरीचा एक नमुना तीनशे वर्षांहून अधिक काळ इन्सुलीपासून काही तासांच्या अंतरावर उभा आहे. आई-बाबांना घेऊन त्याच्यासमोर निवांत बसावे. घाई नाही, रांग नाही, परतीचे विमान नाही.

जाणे ठरले तर हीच दुसरी वही सोबत न्यावी. तक्त्यात लिहिलेले आणि आईने वहीत लिहिलेले यांत विरोध आला, तर त्या दिवशी तक्ता बाजूला ठेवावा आणि वही खरी मानावी.